भाऊजींनी दिलेली काच

गेल्या वर्षीच्या फोटोत दार फार सुंदर आलं होतं. दाराची कडी, कडीखालचा गंज, पत्रपेटीच्या फटीत अडकलेलं पाकिटाचं टोक, सगळं कसं लख्ख. त्या दाराच्या पुढे जी तेवीस माणसं बसली-उभी होती, ती मात्र न्हाणीघरातल्या वाफेतून पाहिल्यासारखी दिसत होती. अक्का कोण आणि त्यांच्या मागे उभा असलेला जावई कोण, हे कपड्यांवरून ओळखायचं.

"वहिनी, दार झकास आलंय," भाऊजी म्हणाले होते. "आता त्याच्यासाठी स्थळं बघायला हरकत नाही."

सगळे हसले. वहिनीही हसल्या. हसण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

त्यांना घरात सगळेच वहिनी म्हणत. भाऊजी, म्हणजे त्यांचे एकुलते एक दीर, म्हणत ते बरोबरच होतं. पण त्यांचं ऐकून वहिनींची स्वतःची मुलं तसं म्हणायला लागली, पुढे सुना, मग नातवंडं. शेवटी तर वहिनींच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला येणारी परकी माणसंही, "वहिनी आहेत का?" असंच विचारायची. अडतीस वर्षं त्यांनी तो स्टुडिओ चालवला. रडणारी बाळं, घाम फुटलेले नवरदेव, हसायची सवय नसलेले कारकून, सगळ्यांना त्यांनी "हलू नका" एवढ्या दोन शब्दांवर सरळ केलं. पोरांनी त्यावरून त्यांचं नाव ‘हलूनका’ पाडलं होतं, आणि ते त्यांना मनातून आवडत असे.

त्यांची थोरली नणंद म्हणजे अक्का. अक्कांच्या वाढदिवसाला दरवर्षी सगळं घर अक्कांच्या अंगणात जमायचं आणि वहिनी सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायच्या. अशी एक्केचाळीस वर्षं झाली. पुढे मांडी घालून बसणारी मुलं वाढून मागच्या रांगेत गेली, मागच्या रांगेतले पिकून खुर्चीवर आले, खुर्चीवरचे काही निघून गेले. वहिनींचे यजमानही त्यातलेच. माणसं बदलली, काढणारी बदलली नाही. एक्केचाळीस फोटोंपैकी एकाही फोटोत वहिनी नव्हत्या, आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. फोटोत बसणं हे ज्यांना दुसरं काही काम नाही त्यांचं काम, असं त्यांचं मत होतं.

ते दार त्यांच्या मनाला लागलं नाही एवढं त्यानंतरचं वर्ष लागलं. जिने उतरताना जावई कोपराला धरू लागले. बँकेचा कागद आला की मुलगा न विचारता मोठ्यानं वाचून दाखवू लागला. सुनेनं तर मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांवर बोटाएवढ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या. एका दुपारी वहिनींनी त्या दोन्ही चिठ्ठ्या सोडवून एकमेकींच्या जागी लावून ठेवल्या. त्या दिवशीचा चहा सुनेनं केला, आणि पहिला घोटही तिनंच घेतला.

"वहिनी, चिठ्ठी वाचून तरी डब्यात भरायची साखर," ती म्हणाली.

"वाचूनच तर तू चहात घातलीस," वहिनी म्हणाल्या.

आणि या वर्षी, वाढदिवसाला तीन आठवडे उरले असताना, भाऊजींचा फोन आला. भाऊजी पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. जगात त्यांना माहीत नाही अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आपल्याला काही माहीत नसू शकतं.

"वहिनी, या वर्षी फोटो मी काढतो. तुम्ही अजिबात दगदग करू नका. अक्काशेजारी खुर्ची ठेवतो तुमची."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही आता फक्त बसायचं."

वहिनींनी फोन खाली ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोतीबिंदू आहे पण अजून पिकलेला नाही, सहा महिन्यांनी बघू. आंब्यासारखं कशाला तरी पिकायची वाट बघत बसायचं, आणि तोवर फक्त बसायचं. एकदा का त्या खुर्चीवर बसलं की पुन्हा कोणी उठू देणार नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं. खुर्चीवर गेलेलं कोणी परत कॅमेऱ्यामागे आल्याचं एक्केचाळीस फोटोंत एकही उदाहरण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या सुनेला "घड्याळाचा पट्टा बदलून येते" असं सांगून निघाल्या आणि पिशवीत कॅमेरा घालून कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेल्या.

मिस्त्रींचं दुकान एका बारा फुटी गल्लीत होतं. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं दारात उभं राहायचं, एवढंच. समोर सलून. भिंतभर खण, खणांत डब्या, डब्यांवर मिस्त्रींच्या किड्या-मुंग्यांच्या अक्षरात नावं. मिस्त्री सत्तरीचे, डोळ्याला घड्याळजींचं भिंग लावून बसलेले, आणि ते भिंग न काढताच माणसांशी बोलणारे. त्यामुळे आपल्यातला स्क्रू ढिला आहे की काय असं समोरच्याला वाटायचं.

"मिस्त्री, जरा अधू डोळ्यांना चालेल अशी फोकसची काच दाखवा."

"कोणाचे डोळे?"

"एक ओळखीच्या बाई आहेत."

"त्या बाईंनी कॅमेरा तुमच्याकडे दिला वाटतं."

"दिला."

"आणि चष्मापण तुमचाच घालतात का?"

वहिनींनी कॅमेरा त्यांच्यापुढे ठेवला आणि विषय बदलला.

या जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत डोळा लावला की जे दिसतं, ते मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या एका दुधी काचेवर पडलेलं चित्र असतं. त्या काचेवर जे स्पष्ट दिसेल ते फोटोत स्पष्ट येतं, असा करार. चांगल्या कॅमेऱ्यांत ही काच काढून दुसऱ्या तऱ्हेची बसवता येते, चष्मा बदलावा तशी. वहिनींनी सगळं आयुष्य साधी काच वापरली होती, वर काही खूण नसलेली. मधोमध वर्तुळ असलेली, त्यात माणूस दुभंगून दाखवणारी काच त्यांना खपत नसे. "माणसाच्या तोंडावर रेघ मारून मी त्याचा फोटो काढत नाही," असं त्या म्हणायच्या. ती पद्धत त्यांनी गेल्याच वर्षी मोडली होती, आणि मोडली तेव्हाच दार आलं होतं.

"आधी आत कोणती आहे ती तर बघू," मिस्त्री म्हणाले. त्यांनी कॅमेऱ्याची पाठ उघडली, जिथे फिल्म बसते तिथे एक दुधी काचेचा तुकडा चिकटवला. डोळ्यानं धरून झालं की पडदा उघडा राहील असं ते बटण दाबून धरणार होते. मग फिल्मला जे दिसलं असतं ते मागून माणसाला दिसणार होतं. "सलूनच्या बाकावर नंबर लावून बसलेत ना ते गृहस्थ, त्यांच्या नाकावर धरा."

वहिनींनी डोळा लावला. वर्तुळात गृहस्थांच्या नाकाचे दोन तुकडे झालेले दिसले, वरचा डावीकडे, खालचा उजवीकडे. त्यांनी भिंगाची कडी हळूहळू फिरवून नाक जोडलं. "धरलं."

मिस्त्रींनी बटण दाबून धरलं आणि पाठीमागच्या काचेवर भिंग टेकवलं. तिथे चित्र उलटं पडतं, पण मिस्त्रींना जग उलटंच वाचायची सवय. "बाई, मागच्या भिंतीवरचं दरपत्रक आलंय. डोक्याची मालिशसुद्धा वाचता येतेय. गृहस्थ धुक्यात आहेत."

वहिनींनी पुन्हा धरलं. पुन्हा दरपत्रक. तिसऱ्यांदा त्यांनी श्वास रोखून नाक जोडलं, आणि मिस्त्री म्हणाले, "लहान मुलांचे केस."

वहिनींना हातातला कॅमेरा एकाएकी जड लागला. मग खरंच आता फक्त बसायचं, असं मनात आलं.

"आणा इकडे," म्हणून मिस्त्रींनी कॅमेरा घेतला, डोळ्यावरचं भिंग वर सारलं आणि स्वतः नाक जोडलं. मग मागे बघितलं. मग पुन्हा जोडलं, पुन्हा मागे बघितलं.

"काय आलं?"

मिस्त्रींनी कॅमेरा उलटसुलट करून बघितला.

"मिस्त्री, काय आलं?"

"दरपत्रक."

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या. "तुमचाही पिकायचाय वाटतं."

 मिस्त्रींनी पुढचं भिंग उतरवलं, चिमटा घेतला, आतली खिटी दाबली आणि काच बाहेर काढली. कडेला धरूनच. या काचेला बोट लागलं की ते बोट जन्माचं. उजेडात धरून त्यांनी काचेचा एक कान, म्हणजे कडेची धरायची बारीक पट्टी, बघितला आणि पहिल्यांदाच हसले.

"बाई, ही काच या कॅमेऱ्याची नाही. ह्याच्या धाकट्या भावाची आहे. त्याच कंपनीचा, तीन वर्षांनी आलेला. तोंडवळा एक, मापं एक, कानसुद्धा एकाच जागी. बसते अगदी चपखल. पण केसभर उंच बसते. डोळ्याला नाक दिसतं तेव्हा फिल्मला दोन-तीन फूट मागचं दिसत असतं. तुमच्या डोळ्यांचा काही संबंध नाही. ही कोणी बसवली?"

वहिनींना सगळं एकदम आठवलं. गेल्या वर्षी वाढदिवसाच्या महिनाभर आधी भाऊजी आले होते. त्यांचाही कॅमेरा त्याच कंपनीचा, तीन वर्षांनी धाकटा. वहिनींचे यजमान आणि भाऊजी, दोघा भावांनी एकमेकांचं बघून घेतलेले. "वहिनी, या वयात साधी काच काय वापरता? माझी दुभंगणारी घ्या, डोळ्यांना सोपी. तुमची साधी मला द्या, मला डोंगरांना चालते." आणि चहा होईपर्यंत स्वतःच्या हातानं अदलाबदल करून दिली होती. इंजिनिअर माणूस, त्यांना नको कसं म्हणायचं?

"दिरांनी," त्या म्हणाल्या. "माझी साधी त्यांच्याकडे आहे."

"मग त्यांच्यात उलटं होणार. ते नाकावर धरणार आणि फोटोत दोन फूट अलीकडचं येणार. पायापुढचं गवत म्हणा."

"मग वर्षभर त्यांच्या लक्षात कसं आलं नाही?"

"काढतात काय ते?"

"डोंगर."

"झालं तर. डोंगराला कडी शेवटपर्यंत फिरवायची, कर्रकन थांबली की फोटो. त्याला डोळे कशाला लागतात? आंधळ्यानं काढला तरी डोंगर येतो."

वहिनी हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. समोरच्या बाकावरचे गृहस्थ स्वतःचं नाक चाचपून बघू लागले.

"चला, द्या माझ्या कॅमेऱ्याची साधी काच," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "डोळे ठणठणीत आहेत माझे."

"बघू की," मिस्त्री म्हणाले. त्यांनी खण ओढला, त्यातली एक डबी काढली आणि साधी काच बसवून दिली. पाच वेळा वहिनींनी नाक धरलं. पाचपैकी तीनदा नाक आलं, दोनदा दरपत्रक.

"ते गृहस्थ हलले," वहिनी म्हणाल्या.

"ते झोपलेत बाई."

गृहस्थ खरंच झोपले होते, मान टाकून. वहिनींनी ओठ मुडपले. म्हणजे डोळे गेले नव्हते, पण त्यांनी रजेचा अर्ज दिलेला होता हेही खरं. एक गोष्ट खोटा आळ म्हणून उडवून लावल्यावर तिच्याखाली खरं निघावं, याचा त्यांना राग आला. पण तो कोणावर काढायचा ते कळेना.

मग निवड सुरू झाली. मिस्त्रींनी बारीक दाण्यांची काच लावली, फोकस चुकला की तिच्यातलं चित्र थरथरतं आणि जुळला की शांत होतं. "उतू जायला आलेल्या दुधासारखं दिसतंय," वहिनी म्हणाल्या, "मला गॅस बंद करावासा वाटतो." मग चौकटी आखलेली लावली, इमारती सरळ याव्यात म्हणून असते ती. "हे गणिताच्या वहीत बसलेत." मग दुभंगणारी, पण या कॅमेऱ्याची खरी. ती बरी होती. फक्त नाक सरळ असेल तरच चटकन जुळायची, आणि वहिनींच्या सासरी सरळ नाक नव्हतंच. त्या घराण्यातली सगळी नाकं कुठेतरी वळलेली.

"मग ही बघा," मिस्त्री म्हणाले आणि मागच्या खणातून एक डबी काढली. हिच्यातही वर्तुळ दुभंगत होतं, पण आडवं नाही, तिरपं. त्यामुळे उभी रेघ असो, आडवी असो, वाकडं नाक असो, सगळंच तुटायचं आणि सगळंच जुळायचं. पाचपैकी पाच वेळा नाक आलं. गृहस्थांच्या नाकपुडीतला केससुद्धा आला.

वहिनींनी कॅमेरा मांडीवर ठेवला. "मी म्हणत होते ना, माणसाच्या तोंडावर रेघ मारत नाही."

"रेघ काचेवर असते बाई. फोटोत येत नाही."

"ते मलाही माहीत आहे हो." थोडा वेळ त्या डबीवरची अक्षरं वाचत बसल्या, वाचता येत नव्हती तरी. मग म्हणाल्या, "हीच द्या. आणि त्या ओळखीच्या बाईंना काही बोलू नका."

"दिरांना फोन करून सांगा, पुढचा फोटो काढायच्या आधी."

"करीन की."

आणि त्या करणारही होत्या. दोनदा फोन उचललाही. पण तिसऱ्या दिवशी भाऊजींनीच फोन केला आणि खुर्चीवर कसं बसायचं ते दहा मिनिटं सांगितलं. हनुवटी जरा वर, हात मांडीवर, कॅमेऱ्याकडे बघायचं, "म्हणजे आवाजाच्या दिशेनं बघितलंत तरी चालेल." अडतीस वर्षं लोकांच्या हनुवट्या वर-खाली करणाऱ्या बाईला. त्यानंतर वहिनींना फोन करायची इच्छा राहिली नाही. त्यांनी दुसरा बेत केला. भाऊजींना काढू द्यायचा फोटो, निवांत. मग आपण "सहज एक" म्हणून आपल्या कॅमेऱ्यानं काढायचा. पुढे दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे आणि तोंडानं काही म्हणायचं नाही. हा सूड नव्हे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ही तुलना.

वाढदिवसाच्या सकाळी अंगणात ऊन छान पसरलं होतं. भाऊजींनी स्टँड लावला होता, डोक्यावर टोपी, गळ्यात उजेड मोजायचं यंत्र. पोरांना पुढे, उंचांना मागे, जावयांना कडेला, असं त्यांनी पाइपलाइन टाकावी तसं सगळ्यांना टाकलं. मध्ये दोन खुर्च्या. एकीवर एकोणनव्वद वर्षांच्या अक्का, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून. दुसरीवर वहिनी, मांडीवर पिशवी.

"पिशवी खाली ठेवा वहिनी."

"राहू द्या. औषधं आहेत."

पिशवीत कॅमेरा होता. वहिनींनी हनुवटी जरा वर केली, हात मांडीवर ठेवले. सगळं बेतानुसार चाललं होतं. तेवढ्यात अक्कांनी काठी जमिनीवर आपटली.

"ऐका रे सगळे. मी एकदाच बसणार. कंबर दुखते. एक फोटो काढा आणि मला आत न्या. पुन्हा एक, जरा एक, सहज एक, असं कोणी म्हणालं तर ही काठी आहे."

वहिनींनी पिशवी जवळ ओढली. एकच फोटो. म्हणजे तुलना नाही. एक तर गप्प बसायचं आणि या वर्षी तेवीस माणसांच्या ऐवजी गवताचा फोटो येऊ द्यायचा. मग भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. पण शेजारी अक्का बसल्या होत्या, नव्वदीच्या उंबऱ्यावर, केस नीट विंचरून, खास आजच्यासाठी गळ्याचं बटण लावून. गेल्या वर्षीही त्या वाफेतच होत्या. लागोपाठ दोन वर्षं अक्का नसलेला अक्कांचा फोटो. आणि पुढचं वर्ष कोणी बघितलंय?

भाऊजी डोळा लावून वाकले होते. "अक्काच्या काठीवर धरतोय. हं. आला. आता कोणी..."

"सगळ्यांनी एक मोठं पाऊल पुढे या," वहिनी म्हणाल्या.

माणसं इतकी वर्षं त्यांचा आवाज ऐकत आलेली. तेवीसच्या तेवीस पुढे आली. दोन जावयांनी अक्कांना खुर्चीसकट उचलून पुढे ठेवलं.

"वहिनी! मी फोकस केला होता."

"केलात म्हणूनच."

भाऊजींनी मान हलवली, "असू दे, असू दे" असं वयाला क्षमा करावी तसं म्हणाले, आणि पुन्हा वाकून कडी फिरवली. "आला. आता..."

"सगळ्यांनी एक मोठं पाऊल पुढे."

सगळे पुढे. अक्काही पुढे. आता भाऊजींना चौकटीत कडेचे दोघे मावेनात, म्हणून ते स्टँड उचलून मागे सरकले, पुन्हा डोळा लावला, पुन्हा धरला, आणि वहिनींनी पुन्हा सगळ्यांना पुढे बोलावलं. चौथ्या वेळेला भाऊजींची पाठ कुंड्यांना लागली आणि एक कुंडी आडवी झाली. पोरांना वाटलं हा नवीनच खेळ आहे. ती आता वहिनींनी सांगायच्या आधीच पुढे यायला लागली.

"अक्का, तू तरी सांग वहिनींना," भाऊजी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"मी काय सांगू? चाळीस वर्षं ही हलू नका, हलू नका म्हणून डोकं खात होती. आज हला म्हणतेय तर काही कारण असेल. विचार तिला."

भाऊजी ताडताड आले आणि वहिनींच्या खुर्चीशेजारी वाकले. "हे काय चाललंय?" ते दात न उघडता म्हणाले.

"भाऊजी, तुमच्या कॅमेऱ्यानं धरून झालं की आम्हाला दोन फूट पुढे यावं लागतं," वहिनी तशाच हळू म्हणाल्या. "नाहीतर फोटोत गवत येईल."

"काय संबंध?"

"त्यात माझी काच आहे ना. आणि माझ्यात वर्षभर तुमची होती. दिसतात एकसारख्या, पण बसतात केसभर वर-खाली. मिस्त्रींनी मापून दाखवलं."

भाऊजी काही झालं तरी इंजिनिअर होते. केसभर म्हणजे किती आणि त्याचं बारा फुटांवर काय होतं, हे त्यांच्या कपाळावर आकडेमोड होताना वहिनींना दिसलं. उत्तर आलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे गेल्या वर्षीचं ते दार..."

"तुमचं."

भाऊजी तसेच वाकून राहिले. सगळं घर बघत होतं. आता सरळ उभं राहून काहीतरी बोलणं भाग होतं, आणि काय बोलावं हे जगात पहिल्यांदाच त्यांना सुचत नव्हतं. वहिनींना वाटलं होतं या घडीला फार मजा येईल. आली, पण बेतली होती तेवढी नाही. त्यांनी हळूच सुचवलं, "पाठीत उसण भरली म्हणा."

"पाठीत उसण भरली," भाऊजी कमरेवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले. "वहिनी, जरा तुम्हीच बघता का?"

"आता मी काय बघणार, अधू डोळ्यांची," वहिनी म्हणाल्या; पण म्हणता म्हणताच उठल्या होत्या आणि औषधांच्या पिशवीतून कॅमेरा बाहेर आला होता.

मागच्या रांगेत कुजबूज झाली. "दार उघडून ठेवा रे," एक जावई म्हणाला, "म्हणजे निदान त्याचा तरी फोटो यायला नको."

भाऊजी वहिनींच्या खुर्चीत बसले. वहिनींनी त्यांचा कॅमेरा स्टँडवरून उतरवला, आपला चढवला आणि डोळा लावला. तिरपं वर्तुळ नेमकं भाऊजींच्या चेहऱ्यावर आलं होतं. त्यांचा अर्धा चेहरा वर, नेहमीसारखा सगळं माहीत असलेला. अर्धा खाली सरकलेला, हनुवटीसकट, जरा गरीब बिचारा. वहिनींनी कडीला बोट लावलं. एका झटक्यात जुळलं असतं. त्यांनी ती अगदी सावकाश फिरवली, मग थोडी उलट फिरवली, मग पुन्हा सावकाश.

"लवकर गं," अक्का म्हणाल्या.

"आले, आले." नाक जुळलं. तेच ते घराण्याचं वळलेलं नाक. मग त्यांनी वर्तुळ अक्कांच्या काठीवर नेलं, तीही जुळली. "हलू नका."

एकच फोटो काढला.

तो आला तेव्हा त्यात तेवीस माणसं होती, डोळे-नाक-दातांसकट. मागचं दार जरासं धूसर, दारानं राहावं तसं. वहिनींऐवजी भाऊजी. अक्कांनी मात्र ऐन वेळी डोळे मिटले होते. अक्का म्हणाल्या, असू दे, मी आहे हे दिसतंय ना, मग झालं.

भाऊजी त्याच आठवड्यात वहिनींकडे आले. खिशातून कागदात गुंडाळलेली साधी काच काढून त्यांनी टेबलावर ठेवली, आणि वहिनींनी दुभंगणारी त्यांच्यापुढे सरकवली.

"कोणाला सांगितलंत का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"सांगणार?"

"छे. झालं ते झालं."

भाऊजी चहा पिऊन, मोकळ्या मनानं घरी गेले. वहिनींनी खरंच कोणाला सांगितलं नाही, आणि सांगावंही लागलं नाही. दोन खुर्च्यांमध्ये हातभराचं अंतर होतं, आणि अक्कांनी डोळे मिटले होते, कान नव्हे. एकोणनव्वदाव्या वर्षीही शेजारच्या घरात चमचा पडला तर तो कोणाच्या हातून पडला हे अक्का सांगत. फोटोच्या दिवशी संध्याकाळीच अक्कांनी फोनची वही घेतली आणि वयाच्या क्रमानं, धाकट्यांपासून वर, एकेकाला लावायला सुरुवात केली. जावयांनी वहिनींचं कोपर धरायचं सोडलं. मुलानं बँकेचा कागद न वाचता टेबलावर ठेवला.

वहीत भाऊजींचंही नाव होतं. त्यांची पाळी आली तेव्हा अक्कांनी त्यांनाही फोन लावला.

"ऐकलंस का," अक्का म्हणाल्या, "गेल्या वर्षी ते दार का आलं माहितेय? तिच्या डोळ्यांचं काही नव्हतं. कोणीतरी शहाण्यानं तिच्या कॅमेऱ्यात दुसऱ्याचीच काच बसवली होती."

"अक्का, तो मीच."

"हो ना? मग तुझ्याच कसं लक्षात आलं नाही रे? वर्षभर नुसते डोंगर काढत बसतोस."

"हो, अक्का."

"पुढच्या वर्षी तीच काढेल. तू स्टँड उचलून आण, आणि माझ्याशेजारी बस."

"बरं," भाऊजी म्हणाले, आणि हनुवटी कुठे ठेवायची ते मात्र त्यांनी कोणाला विचारलं नाही.